मौनात ठरलेलं टायटॅनियम

सूनबाई,

उसन्या सायकलवर सराव करून आलीस की आधी टेबलावरचा पुडा उघड. तुझ्या सायकलचं मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक आहे, पंधरा दात्यांचंच, पण टायटॅनियमचं. तू ॲल्युमिनियम सांगितलं होतंस, ठाऊक आहे मला. काल ते लेथवर घडवणाऱ्या टर्नरचा फोन आला तेव्हा माझं सकाळचं जपाचं मौन सुटायचं होतं. तो म्हणाला, "काकू, टायटॅनियमचं करू ना? नको असेल तर आत्ताच सांगा!" मी काय सांगणार, कपाळ? दोनदा घसा खाकरला. "बरं, बरं, कळलं, करतो!" म्हणून त्याने फोन ठेवला.

दुपारी चूक निस्तरायला गेले, तर त्याने नमुन्याला दिलेलं तुझं जुनं ॲल्युमिनियमचं माझ्या हातावर ठेवलं. दाते पार झिजलेले. मागच्या स्पर्धेत सायकलसकट दगडावर चढताना चेन त्यांच्यावरूनच घसरली आणि तू पडलीस. टायटॅनियम त्याहून जरासं जड, पण पोलादाहून हलकं, आणि लवकर झिजत नाही, म्हणाला. मग मीच म्हटलं, "राहू द्या टायटॅनियमच." या वेळी तोंडाने म्हटलं हो!

चेनही नवी आणली आहे, जुनी लावू नकोस. दूध झाकून ठेवलंय, पिऊनच नीघ.

तुला वाटतं, मला तुझ्या या सायकलवरच्या उड्या आवडत नाहीत. अगं, तू पडलीस तेव्हा मी मान खाली घालून जप करत होते. नुसता आवाज ऐकला. आजचा जप पहाटेच पुरा केलाय आणि स्पर्धेच्या मैदानावर प्रेक्षकांच्या दोरीजवळची पुढची जागा धरायला निघाले आहे. आज तुला डोळे भरून बघणार.

— आई