तुळईवरचा मोर

काजोळी गुत्तु, गुरुवार

ती. शंकरमामांना रघुरामचा साष्टांग नमस्कार.

बेंगळुरूची थंडी तुमच्या गुडघ्यांना मानवत नसणार. आईने तेल पाठवलं आहे. ते लावायचं आहे, जेवणात घ्यायचं नाही (गेल्या वेळचं आठवून लिहितो). इकडे सगळे बरे आहेत. यंदाच्या भूतकोलाच्या उत्सवात घरासमोर बसवायची शिळा आली. तिच्यावर ‘हे घर माझ्या मामांच्या मामांनी बांधले’ आणि खाली तुमचं नाव कोरायचं ठरवून पुरावा शोधायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत, याचा मला अभिमान वाटला. (अजूनही वाटतो. दिशा थोडी बदलली आहे.)

आपल्यात घर आईकडून लेकीकडे जातं, कारभार तिच्या भावाचा, आणि नवरा म्हणजे रात्रीचा पाहुणा. म्हणून मी सगळे मामा तपासले, नवरा एकही तपासला नाही. शेवटी ओसरीच्या तुळईवरचा रंग खरवडायला घेतला. बांधणाऱ्याच्या घराची खूण तिथे कोरलेली असते; खाली आपल्या घराचं कमळच निघणार याची इतकी खात्री, की शेजारच्या बैलु गुत्तु घराण्याच्या अंतप्पण्णाला मुद्दाम बघायला बोलावलं. रंगाखालून मोर निघाला. मोर त्यांच्या घराचा.

अंतप्पण्णा चष्मा पुसत म्हणाला, “हा आमचा बाबू शेट्टी. तुमच्या घरच्या जुन्या दुग्गम्माचा नवरा. बायकोला घर बांधून दिलं असं आमचे म्हातारे म्हणायचे, आम्हाला वाटायचं थापा आहेत.” तेवढ्यात आई ताक घेऊन आली. “असं का? मग अण्णा, तुमच्याच माणसाचं काम आहे ते. पश्चिमेकडे गळतंय, बघून घ्या.”

तो ताक अर्धं ठेवून गेला. आई मात्र दिवसभर ताठ मानेने वावरली. तिचं म्हणणं, नवरे उजाडताच आपापल्या आईकडे परतायचे त्या काळात आपल्या दुग्गम्माने एकाकडून एवढं घर उभं करून घेतलं; असा एक मामा दाखव. हा इतिहास की नुसती घरची ऐट, हे मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारलं. दोन्ही असावं.

आपला भाचा,
रघुराम

ता. क. शिळेवर ‘दुग्गम्मा शेडती यांनी बांधून घेतले’ असं कोरायला घराचे कारभारी यजमान म्हणून तुमची परवानगी हवी.

ता. ता. क. आज अंतप्पण्णाने खरोखरच कौलं आणि सुतार पाठवले. आता बाबू शेट्टीचं नाव घालणं भाग आहे. शिळा लहान आहे, ‘यजमान श्री. शंकर शेट्टी, बी.कॉम.’ ही ओळ मावत नाही. आई म्हणते, विचारू नकोस, नुसतं कळव. मी विचारतो आहे. पाथरवटाचं मात्र ‘दुग्गम्मा’पर्यंत कोरून झालं आहे.