भिंतीवरची काकू

३ जून, मंगळवार

नाही भरणार! फॉर्मवर फार्मसी लिहिणार नाही म्हणजे नाही. बाबांनी पेन पुढे केलं, मी ते त्यांच्याच खिशाला अडकवलं आणि खोलीत आले. आई बाहेर भांडी आपटतेय. आपटू दे.

सगळं लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कोणी गोड बोलून मला घोळात घेतलं तर वाचता येईल. आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे काचेच्या चौकटीत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट टांगलंय. ते काकूचं. त्या कागदाशिवाय दुकान चालवता येत नाही. आणि काकू कुठे? घरी! लग्न होऊन आली, सर्टिफिकेट भिंतीवर गेलं आणि ती स्वयंपाकघरात. काउंटरवर कोण, तर दादा. माझा सख्खा भाऊ, केमिस्ट्रीत गटांगळ्या खाल्लेला. आयत्या बिळावर नागोबा!

आता काका-काकूंना मुलाकडे राहायला जायचंय. माझी डिग्री झाली की निघतील. म्हणजे भिंत रिकामी होणार. म्हणून सगळ्यांना माझ्या करिअरचा एवढा कळवळा.

५ जून, गुरुवार

बाबा म्हणाले, "चार वर्षं शीक, मग आरामात घरी बस. कोण तुला राबायला सांगतंय?"

हे त्यांना आमिष वाटतं!!

७ जून, शनिवार

केमिस्ट्रीच्या मॅडम फार्मसी कॉलेज दाखवायला घेऊन गेल्या. जाणार नव्हते. गेले. तिथेच चुकलं.

लॅबमध्ये एक यंत्र होतं. काचेच्या भांड्यांत अंगाइतकं कोमट पाणी, वरून फिरणारी छोटी पाती, आणि पाण्यात सोडलेली गोळी. गोळी पोटात गेल्यावर किती वेळात विरघळेल ते आधी इथे बघतात. आधी कडा सुटल्या. मग पाणी गढूळ झालं. बाकीची मुलं पुढे गेली, मी तिथेच. मॅडमनी हाक मारली तेव्हा कळलं की मी एकटीच उरलेय.

यंत्रापाशी शेवटच्या वर्षाची एक ताई होती. तिला विचारलं, शिकून सगळे दुकानातच जातात का? ती हसायलाच लागली. "अगं, कोणी कारखान्यात जातं, कोणी हॉस्पिटलात, कोणी नव्या औषधांच्या संशोधनात. माझी मैत्रीण दिवसभर लोकांना झालेले दुष्परिणाम नोंदवते. मी तपासणीच्या लॅबमध्ये जाणार. आमच्यातला एक तर इन्स्पेक्टर झाला, दुकानं तपासत फिरतो. औषधवाल्यांकडे त्याला चहासुद्धा मिळत नाही."

मला तपासणीची लॅब हवी. लिहून टाकलं! आता आली का पंचाईत? मला जे हवंय तेच हे लोक हातात कोंबतायत, पण चौकटीत घालायला. हो म्हटलं की मी भिंतीवर. नाही म्हटलं की ते यंत्र गेलं.

९ जून, सोमवार

दादा म्हणतो, "तू नाही म्हणालीस तर काकू इथेच अडकेल. नातवाचं तोंड फोनवरच बघेल, तुझ्यामुळे."

माझ्यामुळे! खुर्ची याने अडवायची आणि खापर माझ्यावर.

११ जून, बुधवार

दुपारी दादाचा फोन : "पाहुणे आलेत." म्हणजे इन्स्पेक्टर. काकूने भाजी अर्धी चिरलेली तशीच टाकली, हात धुतले आणि पळत सुटली. मीही मागोमाग. दुकानाच्या मागच्या दाराशी खिळ्याला तिचा पांढरा कोट असतो. कडक इस्त्रीचा, एक डाग नाही. पडेल कसा? कोट घातला, केस सारखे केले आणि उभी राहिली.

इन्स्पेक्टर फ्रीजचं तापमान बघत होते. तेवढ्यात आमचे नेहमीचे शिंपीआजोबा गुडघ्यासाठी गोळ्या मागायला आले. दादाने पाकीट पुढे सरकवलं. काकूने त्यावर हात ठेवला.

"आजोबा, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना अजून?"

"आहे की."

"मग ही नको. दोन्ही एकदम घेतल्या तर आतल्या आत रक्त वाहायला लागतं. डॉक्टरांना फोन करते, ते दुसरं काही सांगतील."

आजोबा म्हणाले, "पण गेल्या महिन्यात तर हीच दिली होती!" दादाने मान खाली घातली.

इन्स्पेक्टर म्हणाले, "फार्मासिस्ट हजर असला की असं असतं बघा." आणि खूश होऊन गेले! त्यांची पाठ वळताच बाबा म्हणाले, "चला, सुटलो! वहिनी, तुम्ही जा आता घरी." काकूने कोट काढून खिळ्याला लावला.

येताना रस्त्यातच मी तिच्यावर भडकले. "एवढं येतं तुला, आणि तू जाऊन चौकटीत बसलीस? तू बसलीस म्हणून आज माझा नंबर लागलाय!" काकू चालत राहिली. कोपरा वळल्यावर म्हणाली, "मला वाटलं होतं, विसरले असेन गं सगळं." बस, एवढंच. घरी येऊन उरलेली भाजी चिरायला बसली.

फार लागेल असं बोलले. पण खोटं नाही बोलले.

१३ जून, शुक्रवार

उद्या फॉर्मची शेवटची तारीख. जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "इतिहास घेईन, हॉटेल मॅनेजमेंट घेईन, पण तुमच्या भिंतीसाठी शिकणार नाही!" बाबा म्हणाले, "लाडावून डोक्यावर बसवलीय." दादा म्हणाला, "हॉटेल? हिला चहा तरी येतो का?" काकू वाढत होती, तिचा हात थांबला.

ते यंत्र सोडायचं तर सोडायचं. खूप रडले. तोंड धुऊन मगच बाहेर गेले, यांना दिसायला नको.

१४ जून, शनिवार

पाहुणे आले नव्हते. तरी काकू सकाळी दादाच्या आधी दुकानात जाऊन बसली, कोट घालून! दादाला म्हणाली, "सरक, पलीकडे बस." काका धावत गेले. "अगं, मुलाकडे जायचं ठरलंय ना आपलं?" काकू म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मला दुकान आहे."

दुपारी डबा द्यायला गेले तर तिच्या बाहीवर खोकल्याच्या औषधाचा हा एवढा डाग.

तिथेच काउंटरवर फॉर्म भरला. फार्मसी!