बिडकरकाकांचं सात फुटी कपाट

६ जुलै १९९३, मंगळ.
सकाळी बिडकरकाका आले. काचीगुड्याला मराठी मंडळाची वाचनखोली तेच सांभाळतात. निर्मलाकाकू जाऊन सहा महिने झाले. त्यांची सगळी पुस्तकं खोलीला द्यायची, एकाच कपाटात. जागा अरुंद, म्हणून उंची सात फूट. पावसात पाणी आत येतं, म्हणून पाय हवेत. भिंत ओली, त्यात मालक खिळा ठोकू देत नाही, म्हणजे कपाट आधाराशिवायच उभं राहणार. "तू ड्रॉइंगवाली, तूच काढून दे."
वीस वर्षं कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. कॉम्प्युटर आले, मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. फर्निचर कधी काढलं नाही. तरी हो म्हणून बसले.

१४ जुलै, बुध.
अफझलगंज, रहीमभाईंचा सुतारखाना. सांगाडा तयार. चारही पाय मी आत घेतलेले, दिसायला सुबक. वरची फळी धरून जरा ओढली तर मागचे पाय उचलले गेले. रहीमभाई शांतपणे म्हणाले, "बाजी, इत्ता ऊँचा है, नीचे पकड़ नक्को क्या? बच्चे आते वहाँ?"
येतात. दर रविवारी बालवर्ग. मला कसं नाही सुचलं...

१५ जुलै
दिवसभर कागद. खालचा कप्पा दीड फूट खोल, वरचे नऊ इंच. पुढचे पाय कडेपर्यंत, किंचित फाकवून. तरी धाकधूक. दोन बुटकी कपाटं केली तर? काकांना विचारून आले.
"दोन नकोत. तिची पुस्तकं वेगळी करू नकोस."
घरी येऊन एकाच कपाटाचं ड्रॉइंग पुरं केलं.

२६ जुलै, सोम.
कपाट लागलं. वरच्या फळीला धरून मी स्वतः झोके घेतले. हललं नाही. वजन खाली राहावं म्हणून जाड ग्रंथ तळाला, पातळ कवितासंग्रह वर. काका नुसते बघत होते. घरी येऊन मी किती दिवसांनी नीट जेवले.

१ ऑगस्ट, रवि.
वर्गाआधी गेले. जाड ग्रंथ सगळे वरच्या फळ्यांवर. काकांनी एकट्याने, स्टुलावर चढून.
"गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं गं. घरी ते वरच असायचे."
"काका, मुलं लटकली तर?"
"मी आहे ना बसलेला."
काका चौऱ्याहत्तरचे. वर्ग संपेपर्यंत मी कपाटाला टेकून जमिनीवर बसले.
पुढच्या रविवारी मी नांदेडला, भाचीकडे बारशाला. काकांना चिठ्ठी लिहायला घेतली. ग्रंथ खाली घ्या, एवढंच लिहायचंय. दोनदा फाडली.