न ऐकता दिलेले गुण

४ एप्रिल, शनिवार
मंदारच्या संगीत बालनाट्याच्या ऑडिशन्स आजपासून. नदी झोपी जाते, एक मुलगी गाऊन तिला उठवते, अशी गोष्ट. ती मुलगी हवीय. बाकी मासे, बगळे, दगड कितीही. मी पेटीवर. मंदार सातवीत माझ्या वर्गात होता. अजून 'बाई' म्हणतो, मला खुर्ची देतो आणि स्वतः सतरंजीवर बसतो.
इंदिरानगरातला हॉल. चाळीसेक मुलं. जाळीतून ऊन, वर पंखे. मुलं एकामागून एक उभी राहत होती, तोंडं उघडत होती. दुपारनंतर सगळं पाण्याखालून यायला लागलं. ओठ दिसतात, शब्द पोचत नाहीत. स, श, फ तर नाहीतच. पेटी मात्र स्वच्छ. बहुधा ती बोटांनाच ऐकू येते.
एका चिमुरडीने दगड मागितला. का? तर दगडाला पाठांतर नसतं. लगेच घेतली.

५ एप्रिल, रविवार
दोघी उरल्या. ईरा इथलीच. बारा वर्षांची, गाण्याचा क्लास, मोकळा गळा, शेवटच्या रांगेपर्यंत सहज जाईल. दुसरी कोमल, अकराची, निफाडकडची. घरी मोगऱ्याची शेती. वडील घेऊन आले होते, दारातच उभे राहिले.
कोमल गायला उभी राहिली. मला वाटलं अजून सुरुवात व्हायचीय. मग ओठ हलताना दिसले. भाता थांबवला, पंखे बंद करायला लावले. तरी एक धागा फक्त, तोही मधेच तुटणारा. पण बाकीच्यांना काहीतरी होत होतं. इतका वेळ कलकलाट करणारी पोरं गप्प. मंदारची पेन्सिल हवेतच. वडिलांची मान खाली. सगळे कुठेतरी निघून गेले होते, मी एकटीच हॉलमध्ये.
मंदार म्हणाला, "माझं काही ठरत नाहीये. बाई, तुमच्या कानांवर सोडतो. तुम्ही म्हणाल ती."
मी म्हटलं, ईरा.
"आणि कोमल?"
"आवाज पोचत नाही रे."
"माईक लावू की."
"माईकला पण काहीतरी लागतं."
त्याने ईराच्या नावापुढे खूण केली. कोणापर्यंत पोचत नाही, हे विचारलं नाही.

७ एप्रिल, मंगळवार
मंदारने दोन्ही घरी कळवलं. कोमलची आई नुसतं "बरं" म्हणाली म्हणे.
मी टीव्ही मोठा केला, ह्यांनी लहान केला. पुन्हा मी. "कान दाखवून ये, वर्ष झालं सांगतोय." म्हटलं, तुम्हीच पुटपुटता हल्ली. हे हसले नाहीत.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात तोच हॉल, गुडघाभर पाणी. पेटी तरंगतेय, मुली ओळीने गातायत आणि मी प्रत्येकीला गुण देतेय. दहापैकी दहा, दहापैकी दहा. कागद भिजून शाई सगळीकडे पसरलेली. जागी झाले तरी बराच वेळ पाय ओले वाटत होते.

९ एप्रिल, गुरुवार
गेले शेवटी. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. डोळे मिटले. इतकी शांतता की तिथेच राहावंसं वाटलं. काही येईना, म्हटलं मशीन सुरू व्हायचं असेल. डोळे उघडले तर काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की मशीन केव्हाचं सुरू आहे.
कागदावर रेघ. आधी सरळ, मग घाटासारखी खाली उतरलेली. डॉक्टर म्हणाले, वरचे, बारीक आवाज गेलेत. "किती दिवसांपासून?" "दिवस नाही हो. काही वर्षं तरी." कानात घालायच्या यंत्राचं माप दिलं, दोन आठवडे लागतील.
शाळेत जन्मभर पोरांना सांगितलं, नीट ऐका. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत मी स्वतः…
कोमल.

११ एप्रिल, शनिवार
मंदारला सांगितलं. हॉलच्या पायरीवर, चहा घेताना. तो कप नुसताच फिरवत राहिला.
"म्हणजे कोमलचं गाणं तुम्ही…"
"ऐकलंच नाही. जी ऐकू आली तिचं नाव घेतलं."
"तेव्हाच बोलायचं ना, बाई."
रागावला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, पुढच्या रविवारी दोघींना परत बोलावू. तो आणि आणखी तिघं ऐकतील. "तुम्ही सूर द्या फक्त."
ईराकडे मीच गेले. तिच्या आईने पाणी दिलं आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. ईरा म्हणाली, "म्हणजे मी नाहीये?"
"अजून ठरायचंय."
"पण तुम्हीच तर म्हणालात."
हो म्हटलं. तिने वहीत गाणं उतरवून घेतलं होतं, चौकटीला रंग दिला होता. वही तिने मिटून घेतली.

१५ एप्रिल, बुधवार
काल रात्री कोमलच्या आईचा फोन. "ती आता नाय म्हनती, बाई." म्हणून सकाळच्या पहिल्या बसने निघाले. निफाडच्या अलीकडे फाट्यावर उतरून चालत. ऊन अजून कोवळं, वाटेवर कोणी नाही, मोगऱ्याचा वास आधी आला आणि शेत नंतर दिसलं.
कोमल कमरेला फडकं बांधून कळ्या खुडत होती. ओठ हलत होते का? हलत असतील. मी सरीच्या कडेला बसले.
"त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं गं. माझे कान गेलेत. तुझं काही चुकलं नाही."
ती खुडत राहिली. मग जवळ आली, चेहरा समोर धरून म्हणाली, "आमच्या आजालाबी येत नाय. त्याच्याशी आमी डाव्या बाजूनं बोलतो. तुमची कोनती बाजू?"
"दोन्ही सारख्याच."
"मंग लय अवघड हाय." विचारात पडली. "मोठ्यानं गायचं का मंग?"
"नको. गायलीस तसंच गा."
आई म्हणाली, "नाशकाहून आल्यापासून गानं बंदच हाय तिचं. रविवारी बघू. तिच्या मनावर हाय." निघताना माझ्या रुमालात ओंजळभर कळ्या बांधून दिल्या. बसमध्ये झोप लागली. नाशिक आलं ते कंडक्टरने हलवून सांगितलं. कळ्या तोवर उमलायला लागल्या होत्या.

१९ एप्रिल, रविवार
कोमल आली, आईबरोबर. ईरा आधीच येऊन बसली होती, माझ्याकडे न बघता.
चौघं कागद घेऊन बसले. मी सूर दिला. ईरा गायली, छानच गायली. शेवटी थोडी घाई केली, पहिल्यांदा नव्हती केली. ती माझ्यामुळे. मग कोमल. ऐकायची धडपड केली नाही. तिच्या गळ्याजवळ काहीतरी थरथरत होतं तेवढं बघत राहिले, सूर धरून ठेवला. हॉलचं काय झालं ते बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं नाही.
चौघं आतल्या खोलीत गेले. मंदारने विचारलं, "बाई, येताय?" नाही म्हटलं.
बाहेर पायरीवर येऊन बसले. थोड्या वेळाने दोघी आल्या, खालच्या पायरीवर बसल्या, मधे हातभर जागा सोडून. मग ईराने वही उघडली, कोमल वाकून बघायला लागली, बोट ठेवून काहीतरी म्हणाली. ईरा हसली, तीही काही बोलली. दोघींची डोकी जवळ आली. मला एक अक्षर कळत नव्हतं. विचारावं वाटलं, काय म्हणताय गं. नाही विचारलं.
आतलं दार अजून बंद होतं.