मोहरीची उशी

रविवार, संध्याकाळ. रत्नागिरी

दुपारच्या गाडीने निखिल, सूनबाई रेमी आणि नात गेली. उशी इथेच राहिली.

नातीचं डोकं गोल व्हावं म्हणून जुन्या मऊ लुगड्यात मोहरी भरून मीच शिवली होती. आपल्याकडे सगळेच करतात. रेमी मिझोरामची, हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. वन्संच्या मात्र होतं. काल सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, उशी सोडू नकोस हो. नाहीतर पोरीचं डोकं तिच्या आईसारखं मागून पाटासारखं सपाट व्हायचं!"

रेमीला मराठी कळतं, हे त्यांना ठाऊक आहे.

"आत्या, आमच्याकडे बहुतेकांची डोकी अशीच असतात. माझ्या आजीचंही."

"तुमच्याकडे असतील गं. पण मुलगी आमची ना?"

आणि निखिल हसला. माझा मुलगा. बायकोकडे न बघता हसला.

लहानपणी आमच्या मिशनच्या शाळेत नाताळच्या नाटकाला देवदूताचा एकच पत्र्याचा मुकुट होता. सिस्टर तो प्रत्येकीच्या डोक्याप्रमाणे वाकवायच्या. मुकुट वाकवायच्या, डोकं नाही.

निघताना मी उशी पिशवीत घातली, तर रेमीने हळूच काढून माझ्या हातात दिली. "आई, तिचं डोकं तिचंच राहू दे." परत कधी येणार, विचारलं. ती नुसती पाया पडली.

निखिल का हसला?

आत्ता वन्सं म्हणाल्या, "ती मोहरी काढून घे, फोडणीला होईल." उशीत अजून त्या इवल्या डोक्याचा खळगा आहे, रुंद आणि सपाट. तो मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवली.

"वन्सं," म्हटलं, "फोडणीची मोहरी दुकानातून आणा."