वाचून दाखवणारं मशीन

मंगळवार, संध्याकाळ

आज महादेवचा सराव पाठ झाला, विष्णुपुरीच्या शाळेत, सहावीवर. मी शिकवते त्या बी.एड.च्या वर्गातला हा निलंग्याचा मुलगा जन्मापासून आंधळा आहे. त्यानं पहिला प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग गप्प. मागच्या बाकावर माझा जीव टांगणीला. मग एक मुलगी म्हणाली, "सर, आमी हात वर केलेत."

तो हसला. "मला हात दिसत न्हाईत गं. नावं सांगा की!"

मग काय, नावांचा नुसता गलका. पाठ रंगला.

परत येताना त्यानं विचारलं, "मॅडम, ग्रंथालयातल्या मशीनचं कव्हर कवा निघणार? मला सगळं शबाना वाचून दाखवती. तिचेबी पाठ असतेत ना."

पुस्तकं वाचून दाखवणारं ते मशीन आलं तेव्हापासून कव्हरखाली आहे. चालवायला माणूस नाही म्हणे. पाहुणे आले की आम्ही ते कौतुकानं दाखवतो. तेही कव्हरासकट!

मी तशीच त्याला आणि त्याच्याच वर्गातल्या शबानाला घेऊन ग्रंथालयात गेले आणि कव्हर काढलं. बटण शबानालाच सापडलं. मशीन एकसुरी आवाजात वाचू लागलं.

"काय रडकं वाचून राहिलंय हे!" शबाना म्हणाली. "मी बरी वाचते."

"तू लई बरी वाचतीस," महादेव म्हणाला, "पण ह्याला घरी जायचं नसतंय."

शबानाला हलकं वाटलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.