गिअरबॉक्ससकट की सुटं

१ मे १९८८, रविवार
शाळेला सुट्टी लागली. प्रयोगशाळेच्या किल्ल्या हेडमास्तरांकडे देऊन आले, आता दीड महिना ॲसिडचा वास नाही असं म्हणत होते, तर सकाळी नवालाच ह्यांच्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक लच्छूशेठ दारात. टेम्पोला दोर बांधून त्यांची फियाट उल्हासनगरहून थेट आमच्या हेंद्रेपाड्याच्या अंगणात ओढत आणलेली. गाडी धूर ओकते, तेल पिते, क्लच घसरतो.

हे म्हणाले, "शेठ, गॅरेज बंद है."
"अरे साईं, गॅरेज बंद है, आप तो चालू है ना?"

हे हसले. मोठ्याने. दिवाळीत लकव्याचा झटका आल्यापासून असं हसलेले ऐकलं नव्हतं. आणि मला न विचारता हो म्हणून मोकळे.

२ मे, सोम.
लिहून ठेवते, म्हणजे मलाच नीट कळेल. ह्यांच्या उजव्या हाताला ताकद परत आली आहे. पण हाताला काही कळत नाही. बघत असतील तर कप धरतात. नजर वळली की कप फरशीवर. सहा महिन्यांत अकरा कप. डॉक्टर म्हणतात स्पर्श येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. फी घेताना मात्र त्यांना सगळं सांगता येतं.

ठरलं असं: हे खुर्चीत, मी गाडीपाशी. ते सांगणार, मी करणार. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदाच असं ठरवून होतंय.

३ मे, मंगळ.
बॉनेट उतरवलं. पाणी काढलं, तेल काढलं, रेडिएटर बाहेर. बारा-तेराचा पाना आता न बघता ओळखते. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली, नंबर घालून, शाळेत बाटल्यांना बांधते तशी.
"प्रॅक्टिकलची परीक्षा आहे का?"
"तुम्ही जर्नल पूर्ण करा आधी."
हात काळे. वरणभाताला रॉकेलचा वास येत होता. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं.

४ मे, बुध.
आज चूक केली. शाळेतून काठाला टवके उडाले म्हणून आणलेल्या दोन परीक्षानळ्या काढल्या. एकीत माठाचं पाणी, दुसरीत चुलीवरचं. म्हटलं, डोळे मिटा, उजव्या हाताला लावते, गार की गरम सांगा. दहा वेळा लावल्या. चार बरोबर.
"नुसत्या अंदाजाने पाच आले असते," मी म्हणाले.
तोंडातून निघून गेलं. ह्यांनी हात हळूच मागे घेतला. "ह्या नळ्या परत मला दिसता कामा नयेत." वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे ठेवल्या. दुपारभर गाडीकडे कोणी गेलं नाही. माझ्या जिभेला काही हाड नाही.

६ मे, शुक्र.
हे म्हणाले, इंजिन गिअरबॉक्ससकट काढू. मी बरं म्हटलं, मला काय कळतंय.

संध्याकाळी शेजारचे गायकवाड आले. अंबरनाथला केमिकल कंपनीत फिटर आहेत, पूर्वी रविवारचे ह्यांच्या गॅरेजवर पडीक असायचे. सकट काढणार हे ऐकलं. मग कुंपणापाशी मला हळूच म्हणाले, "वहिनी, ह्या माणसाने वीस वर्षांत एक इंजिन सकट काढलेलं नाही. सकट काढणाऱ्यांना शिव्या घालायचा."
"मग आता?"
"सुटं काढायला सोपं. परत बसवताना वांधे. गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या भोकात बरोबर शिरला पाहिजे. दिसत काही नाही. फटीत हात घालून बोटांनी समजून घ्यायचं. सकट काढलं तर सगळं खाली जमिनीवर डोळ्यांसमोर जोडता येतं."
म्हणजे हे बोटांचं काम टाळतायत. हाताचा नाद सोडलाय.
राग आला. कोणाचा ते कळलं नाही. नळ्यांचा असावा.

८ मे, रवि.
गॅरेजमधून आणून ठेवलेली, इंजिन उचलायची तीन पाइपांची घोडी उभी केली, वर चेनकप्पी. गायकवाड साखळी ओढत होते, मी गिअरबॉक्सची शेपटी धरून. इंजिनाने नाक वर केलं, हळूहळू येत होतं, छान. आणि साखळी संपली. कप्पी वर टेकली, गिअरबॉक्सची शेपटी अजून गाडीतच.
गायकवाड घोडीकडे बघत म्हणाले, "ही बुटकी कशी झाली?"
मी चहा टाकायला आत गेले.
बाहेर ऐकू येत होतं. गायकवाड म्हणाले, पायांखाली दगड लावू. हे म्हणाले, दगडांवर घोडी उभी करून मी कुणाचं इंजिन टांगत नाही. इंजिन परत खाली सोडलं, जागेवर.

९ मे, सोम.
सांगून टाकलं. चहा झाल्यावर, ह्यांच्याकडे न बघता.
संक्रांतीच्या सुमारास पाण्याच्या टाकीला स्टँड हवा होता. घोडी मागे पडून होती. मी वेल्डरला बोलावून तिचे तिन्ही पाय दोन-दोन फूट कापून घेतले. ते टाकीखाली आहेत. तेव्हा हे पलंगावर होते, जेवण मी भरवत होते. मला वाटलं होतं, घोडी आता कशाला लागतेय. हेही सांगितलं. ते सांगायला जास्त वेळ लागला.
हे उठून टाकीपाशी गेले, वाकून बघितलं.
"दोन फूट?"
"हो."
"सरळ कापलंय."
मला रडू येत होतं, पण कांदा चिरायला घेतला, त्यात भागलं. जेवून ताक पिऊन झाल्यावर हे म्हणाले, "मग गिअरबॉक्स खालीच राहू दे. सुटं काढू. तेवढी उंची पुरेल."
मी मान हलवली. म्हणजे परत बसवताना हात घालावा लागणार. दोघांनाही माहीत होतं.

११ मे, बुध.
गायकवाडांनी रजा टाकली. गिअरबॉक्सखाली जॅक, वर फळकूट. जोडाचे बोल्ट मी काढले, सगळ्यात वरचा एक हट्टी, त्याने माझी सालं काढली. इंजिन सरळ पुढे ओढलं, दांड्यातून सुटलं, मग वर. बुटकी घोडी पुरली. गाडीत आता मोठा खड्डा. त्यात चिमण्या काड्या आणतायत.

२० मे, शुक्र.
इंजिन सोमवारी उल्हासनगरहून सिलिंडर बोअर करून आलं. चार दिवस त्यावर गेले. रिंगा, बेअरिंगं, नवी क्लचप्लेट. प्लेट मधोमध बसली पाहिजे. ह्यांची त्यासाठीची लाकडी खुंटी गॅरेजच्या सामानात सापडेना, म्हणून माझं पोळ्यांचं बारीक लाटणं, चिकटपट्टी गुंडाळून जाड केलेलं. अगदी बरोबर बसलं. हे म्हणाले, "वीस वर्षं उगाच खुंटी सांभाळली." आज भात.

२२ मे, रवि.
गायकवाड साखळीवर, मी समोर. इंजिन उतरलं, मागे सरकलं, सरकलं, आणि एक इंच राहून अडकलं. हलवलं, ढकललं. नाही.
गायकवाड म्हणाले, "बोल्ट लावून आवळत आवळत ओढून घेऊ?"
"हात लावू नकोस! प्लेट फुटेल!" खुर्चीतून ओरडले. मग मला, "शालू, तू हात घाल."
घातला. माझ्या बोटांना सगळं लागत होतं, कडा, ग्रीस, दाते. पण कशाला काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. "काही कळत नाही हो," मी म्हणाले.

हे उठले. त्या बाजूने डावा हात वळत नाही. डावा मडगार्डवर टेकला आणि उजवा मनगटापर्यंत फटीत घातला. डोळे मिटले. बघत नसतील तर कप धरता येत नाही त्यांना. गायकवाड साखळी धरून नुसते उभे.
"शालू, इंजिनाच्या पुढच्या नटाला पाना लाव, आत प्लेट फिरेल. फिरव. थोडं. अजून थोडं. थांब."
"लागलं?"
"गप्प बस. एक केस अजून."
फिरवला. फटीतला हात झटकन बाहेर आला. "ढकल!" इंजिन आपलं आपण आत गेलं. खट् असा आवाज, कडी लागल्यासारखा.
गायकवाड हसायला लागले. हे हात चिंधीला पुसत सहज बोलल्यासारखे म्हणाले, "आत गार आहे गं लोखंड."

मग मी पाहिलं, उजव्या हाताच्या पेरावरून रक्त वाहत होतं. चांगलंच कापलं होतं. मी दाखवेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता.
हळद लावली. नंतर जाऊन त्या मडगार्डला हात लावून बघितला. सकाळी अकरापासून उन्हात, तव्यासारखा तापलेला. डावा हात त्यावर होता. मग गार कुठल्या हाताला लागलं?

२३ मे, सोम.
वायरी जोडायच्यात, रेडिएटर, एक्झॉस्ट. दोन-तीन दिवस लागतील.
सकाळी ह्यांनी वेल्डरला निरोप धाडला, टाकीखालचे तुकडे परत घोडीला जोडून द्यायचे.
"आणि टाकी?"
"टाकीचं बघू."
पापडाचा डबा काढायला स्टुलावर चढले. नळ्या मागेच होत्या, हाताला लागल्या. माठात पाणी होतं, चुलीवर आधण होतं, हे ओसरीत डोळे मिटून पडले होते.
दहापैकी किती येतील ते आज मला कळायला नको आहे. पापड भाजले, चिठ्ठ्यांच्या नंबरांची यादी घेतली आणि हाक मारली, "चला, एक नंबरची वायर."